गेटबाहेरचं रॅगिंगही कॉलेजचंच. पेण-रोह्यातील पालकांनी समितीत बसायला हवं

पेण/रोहा : नव्या पोराला सीनियरांनी एसटी स्टँडवर गाठून छळलं, तर ‘गेटच्या बाहेरचं आहे’ म्हणून कॉलेजला हात झटकता येत नाहीत. राज्याचा 1999 चा रॅगिंगबंदी कायदा संस्थेबाहेरही लागू आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि 10 हजारांपर्यंत दंड. लेखी तक्रार आली की प्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची. टाळाटाळ केली तर तोही साथ दिल्याचा दोषी.

पेण-रोह्यात मुलं खेड्यापाड्यांतून एसटीने, दिवा-रोहा गाडीने येतात. खुन्नस वर्गातली, हिशेब वाटेत. तो प्राचार्यांना कसा दिसणार? कंडक्टरला, टपरीवाल्याला आधी कळतो.

यूजीसीच्या 2009 च्या नियमांत समितीवर पोलीस, स्थानिक पत्रकार, पालक, नवे-जुने विद्यार्थी असे सगळे सांगितलेत. उलटी वाटही राज्याने पाहिली आहे. 1989 मध्ये मुंबईत विद्यार्थी निवडणुकीच्या वेळी ओवेन डिसोझाचा खून झाला आणि पुढे निवडणुकाच बंद झाल्या. पोरांना बाजूला ठेवलं की शांतता, हा समज तिथलाच.

प्रवेश घेतानाच पालकांनी विचारावं : समितीत आमच्या भागातलं कोण, आणि शेवटची बैठक कधी झाली? तक्रारीसाठी टोल फ्री नंबर 1800-180-5522.