मेथीचं माप

सासूबाईंच्या मिसळणाच्या डब्यात मोहरी, जिरं, हळद यांना मिळून एक चमचा होता. मेथ्यांना मात्र त्यांचा स्वतःचा, करंगळीच्या नखाएवढ्या तोंडाचा लाकडी चमचा. नवी सून म्हणून सावंतवाडीच्या त्या स्वयंपाकघरात बांगड्याची उडदमेथी करायला पहिल्यांदा उभी राहिले, तेव्हा मी मेथ्या चिमटीने उचलल्या. "अगो, मेथी हाताने घेऊ नको," त्या म्हणाल्या, "हाताला ती कळत नाही." मग उडीद आणि मेथ्या तेलात बदामी कशा करायच्या, मेथ्या काळसर झाल्या की सगळं कालवण कसं कडू होतं, ओलं खोबरं, सुक्या मिरच्या आणि चिंचेबरोबर त्या किती बारीक वाटायच्या, हे त्यांनी दाखवलं. त्या दिवशीच्या आमटीत कडूपणा शोधूनही सापडला नाही. पण जेवण झाल्यावर कितीतरी वेळ जिभेवर जी चव होती, ती मेथीचीच.

माझं माहेर जळगावचं. तिकडे मेथी म्हणजे आधी पाला. थंडी पडली की आई कोवळी मेथी निवडून, धुऊन, बारीक चिरायची. त्यात कांदा, शेंगदाण्याचं जाडसर कूट, तिखट, मीठ आणि वरून कच्चं तेल. हे सगळं हाताने घोळायचं, म्हणून तो घोळाणा. बरोबर कळण्याची गरम भाकरी. त्याला माप कसलं? जुडी मोठी असली तर घोळाणा जास्त, इतकंच. पुढे मुंबईत आल्यावर समुद्रमेथीच्या बोटभर जुड्या पाहिल्या. रेताड जमिनीत वाढलेली, मुळांसकट उपटलेली ती इवलीशी रोपं चार-पाच पाण्यांतून काढली तरी दाताखाली एखादा रेतीचा कण यायचाच. पण लसणीच्या फोडणीवर ती दोन मिनिटांत होते, आणि तिच्यासारखी कोवळी भाजी दुसरी नाही, हे माझं ठाम मत आहे.

पाला पोटभर खायचा आणि दाणा मोजून, हा नियम आपल्या सगळ्या पदार्थांत आहे. मेथकुटाचंच बघा. नावात मेथी पहिली, पण आमच्याकडे वाटीभर हरभऱ्याच्या डाळीला मेथ्या एक चहाचा चमचा. बाकी उडीद, तांदूळ, थोडे गहू, जिरं, मोहरी, सुंठ, हळद, हिंग. तापातून उठलेल्याला गुरगुट्या भात, तूप आणि हे मेथकूट आपण देतो, ते तोंडाला चव यावी आणि पोटाला जड होऊ नये म्हणून. चैत्रात कैऱ्या आल्या की मेथांबा. त्याच्या फोडणीत अर्धा चमचा मेथ्या, आणि त्या कडवटपणाला सांभाळून घ्यायला मूठ-दोन मुठी गूळ.

आणि बाळंतिणीचे लाडू. माझ्या मुलीच्या वेळी सासूबाई थकल्या होत्या, पण लाडवांसाठी ओट्याशी येऊन बसल्या. मेथीची पूड त्यांनी आठवडाभर आधी तुपात भिजवून ठेवली होती, त्याने तिचा उग्रपणा उतरतो. तळून फुलवलेला डिंक, भाजलेली कणीक, खारकेची पूड, सुकं खोबरं, खसखस, गूळ, जायफळ. लाडू लिंबाएवढा, रोज सकाळी एक. दुसरा मागितला तर मिळायचा नाही. याहून महत्त्वाचं म्हणजे, पोटुशी बाईला त्या हे लाडू कधी देत नसत. "आधी मोकळी होऊ दे," म्हणायच्या. कारण विचारलं तर "उष्ण असते" एवढंच उत्तर. आज डॉक्टरही गरोदरपणात मेथीदाणे औषधासारखे जास्त प्रमाणात घेऊ नका असं सांगतात, कारण त्याने गर्भाशय आकुंचन पावण्याची शक्यता असते. मेथीने दूध वाढतं का, यावर झालेले अभ्यास लहान आहेत आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. तरी तूप, गूळ, डिंक, खारीक यांनी झिजलेल्या शरीराला बळ येतं, हे मी स्वतः अनुभवलं आहे.

आपल्या वैद्यांनीही मेथीला एकटं सोडलं नव्हतं. भावमिश्रांच्या सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाश' या ग्रंथात मेथी, अळीव, कलौंजी आणि ओवा या चार बियांना मिळून चतुर्बीज म्हटलं आहे. वातावर आणि पोटाच्या तक्रारींवर त्यांची पूड थोडी थोडी घ्यायची.

हे सगळं आज लिहायला बसले, त्याला माझा थोरला भाऊ कारण आहे. त्याला मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. कुणीतरी मोबाइलवर पाठवलेलं वाचून त्याने रोज सकाळी तीन मोठे चमचे मेथीपूड पाण्यातून घ्यायला सुरुवात केली. घरात कुणाला सांगितलं नाही. दहाव्या दिवशी बाजारात त्याला दरदरून घाम फुटला, हात कापायला लागले, तो खाली बसला. साखर फार उतरली होती. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "नवीन काय सुरू केलंत?"

मेथीने साखर उतरते, यात खोटं काही नाही. दाणा भिजला की त्याभोवती जो बुळबुळीत चिकटपणा येतो, तो विरघळणाऱ्या तंतूंचा असतो. जेवणातली साखर रक्तात जायला त्याने वेळ लागतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या संशोधकांनी 1990 मध्ये पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. 10 दिवसांत त्या रुग्णांच्या लघवीतून जाणारी साखर 54 टक्क्यांनी घटली. पण त्यांना दिलेली, तेल काढून घेतलेली मेथीपूड होती रोज 100 ग्रॅम. चहाच्या चमच्यात मेथ्या मावतात साधारण 4 ग्रॅम. म्हणजे पंचवीस चमचे, तेही तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरात 54 टक्के येतात, 100 ग्रॅम आणि देखरेख गळून पडते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या ज्यांना चालू आहेत, त्यांनी तर विचारल्याशिवाय मेथीपूड सुरूच करू नये. हरभऱ्याची किंवा शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्यांनाही जपावं लागतं. मेथी त्याच कुळातली आहे.

मेथीच्या वासाचीही एक गोष्ट सांगायलाच हवी. न्यूयॉर्कमध्ये 2005 पासून अधूनमधून हवेत मेपलच्या गोड पाकाचा वास सुटायचा आणि लोक घाबरून फोन करायचे. अखेर 2009 मध्ये तिथल्या महापौरांनी उलगडा केला, की नदीपलीकडे न्यू जर्सीतल्या एका कारखान्यात मेथीदाण्यांवर प्रक्रिया होते, त्याचा तो वास. मेथीत सोटोलोन नावाचं द्रव्य असतं, मेपलच्या पाकाचा वास त्याचाच. लाडू खाणाऱ्या बाळंतिणीच्या घामाला हा वास येतो, तिच्या बाळालाही येऊ शकतो. नवजात बाळांचा एक दुर्मिळ आणि गंभीर आजार याच वासावरून ओळखला जातो. म्हणून परदेशात बाळंतपणाला जाणाऱ्या आयांनो, लाडवांचा डबा जरूर न्या. आणि त्यात मेथी आहे हे तिथल्या डॉक्टरांना आपणहून सांगा.

भाऊ आता बरा आहे. रात्री अर्धा चमचा मेथ्या भिजवतो, सकाळी चावून खातो, डॉक्टरांना विचारून. सासूबाई गेल्या. लाकडी चमचा माझ्या डब्यात आहे. तुमच्या घरात अजून कुणी मेथकूट करत असेल, तर यंदा त्यांच्याजवळ बसून माप उतरवून घ्या आणि मलाही लिहून पाठवा. वाटीभर डाळीला तुमच्याकडे मेथ्या किती?