मास्कचा खर्च कोणी द्यायचा?

घरात कोणी घोरू लागले की आपण हसतो. पण झोपेत श्वास वारंवार थांबत असेल तर तो आजार आहे. त्याचे नाव स्लीप ॲप्निया. सीपॅप यंत्र नळी आणि मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवते. यंत्र काही वर्षे टिकते. मास्कची सिलिकॉनची गादी, नळी व फिल्टर मात्र झिजतात. गादी फाटली की हवा गळते आणि चालू उपचार वाया जातो.

आरोग्यविमा बहुधा रुग्णालयात दाखल झालेल्यालाच पैसे देतो. घरी वापरायचे यंत्र व सुटे भाग बहुतेक पॉलिसींत वगळलेले असतात. आम्हांस हे उफराटे वाटते. सुरतेत लूम्सवर रात्रपाळी करणाऱ्याला किंवा उधना रस्त्यावर दुचाकी चालवणाऱ्याला एक डुलकी महागात पडते. अपघातानंतरचे लाखो रुपये मंजूर, पण तो टाळणाऱ्या मास्कचे काही हजार नामंजूर!

पालकहो, पॉलिसी घेण्याआधी ओपीडी व घरगुती उपकरणांविषयी लेखी विचारा. निद्रातपासणीचा अहवाल, डॉक्टरांची चिठ्ठी, बिले जपून ठेवा. कलम असूनही दावा नाकारला, तर कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत समाधान न झाल्यास अहमदाबादच्या विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.

मात्र पॉलिसीत कलमच नसेल तर लोकपाल तरी काय करणार? म्हणून विश्वस्तांना विनंती, की शिक्षक-कर्मचाऱ्यांचा समूह विमा घेताना हे कलम आग्रहाने मागावे. एकट्याला कंपनी छापील पॉलिसी देते. समूहाला अटी ठरवून घेता येतात.