लिहायला लावण्याआधी वाचायला शिकवू द्या

राज्यातील विद्यापीठांच्या संगणकशास्त्र अभ्यास मंडळांचे अध्यक्ष आणि सदस्य यांस,



दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा चालू होती. एका मुलीला स्लिपवर बबल सॉर्ट आला. तिनं वीस मिनिटांत प्रोग्रॅम टाइप केला, पहिल्याच फटक्यात कंपाइल झाला, आकडे चढत्या क्रमानं लागले. बाहेरून आलेले परीक्षक खूश झाले. ओरलच्या वेळी मी तिच्यापुढे एका चिठ्ठीवर चार ओळी लिहून ठेवल्या. ए बरोबर ५. बी बरोबर ७. ए बरोबर बी. बी बरोबर ए. आता ए किती आणि बी किती?

ती लगेच म्हणाली, "ए सात, बी पाच. अदलाबदल झाली ना, मॅडम."

"मग तुझ्या प्रोग्रॅममध्ये अदलाबदलीसाठी टेम्प नावाचं तिसरं व्हेरिएबल कशाला घेतलंस?"

ती गप्प झाली. थोड्या वेळानं हळूच म्हणाली, "जर्नलमध्ये तसंच आहे."

तिला पस्तीसपैकी एकतीस गुण मिळाले. स्लिप, आउटपुट, जर्नल, ओरल अशी गुणांची विभागणी ठरलेली असते आणि त्या विभागणीप्रमाणे ते गुण चोख होते. मीही त्या गुणपत्रकावर सही केली. ती सही मला अजून टोचते, म्हणून हे पत्र.

ही मुलगी मठ्ठ नाही, हे आधीच सांगते. वडिलांच्या दुधाच्या डेअरीचं रजिस्टर तीच लिहिते. लिटर, फॅट, दर, उचल, दहा दिवसांचा पगार, सगळं तोंडपाठ असतं तिला. चालू बेरीज कशी वाढत जाते, उचल कुठे वजा करायची, हे तिला कुणी शिकवावं लागत नाही. तरीही वर्षभर प्रोग्रॅमिंग शिकून चार ओळींत काय घडतं हे तिला सांगता आलं नाही. ही उणीव तिच्या डोक्यात नव्हती. तिनं वर्षभर काय केलं ते बघा: पंचवीस प्रोग्रॅम हातानं जर्नलमध्ये उतरवले, ते सर्टिफाय करून घेतले, परीक्षेसाठी पाठ केले आणि परीक्षेत टाइप केले. एखादा अनोळखी प्रोग्रॅम पुढे ठेवून 'हा वाच आणि काय करतो ते सांग' असं तिला वर्षभरात कुणी म्हटलं नाही, कारण त्याला गुण नव्हते.

मुलं प्रोग्रॅमिंग कसं शिकतात आणि कुठे अडतात, हा आता अंदाजाचा विषय राहिलेला नाही. चाळीसहून अधिक वर्षं त्यावर पद्धतशीर संशोधन चालू आहे. १९८०च्या दशकात ब्रिटनमधल्या बेनेडिक्ट ड्यू बुले यांनी मांडलं की नवशिक्याला फक्त भाषेचे नियम कळून भागत नाही, त्या ओळी चालवणारं एक यंत्र त्याच्या मनात उभं राहावं लागतं. कुठली ओळ कधी चालते, किंमत कुठे साठते, जुनी कधी पुसली जाते, हे सगळं त्या यंत्रात असतं. ते उभंच राहिलं नाही तर माणूस कोडकडे मंत्रासारखा बघतो. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या रॉय पी यांनी मुलांच्या चुकांचा अभ्यास करताना एक गोष्ट हेरली. भाषा कुठलीही असो, बऱ्याच चुकांच्या मुळाशी एकच समजूत असते: यंत्राच्या आत कुणीतरी समजूतदार बसलेलं आहे आणि आपल्याला काय म्हणायचंय ते त्याला कळतं.

ही समजूत मी दरवर्षी बघते. एका मुलानं सर्वांत मोठी संख्या शोधण्याच्या प्रोग्रॅममध्ये व्हेरिएबलला 'मॅक्स' नाव दिलं आणि तुलना करणारी ओळच लिहिली नाही. त्यात सर्वांत मोठी संख्या कशी येणार, असं विचारलं तर म्हणाला, "मॅक्स म्हणजे मोठीच ना, मॅडम?" त्याला हसून चालणार नाही. माणसांच्या भाषेत नावाला अर्थ असतो. यंत्राला तो नसतो, हे त्याला कुणी दाखवलेलं नव्हतं.

आता २००१ सालचा एक अभ्यास सांगते, कारण त्यानं जगभरच्या शिक्षकांना खडबडून जागं केलं. मायकेल मॅक्रॅकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या देशांतल्या चार विद्यापीठांतल्या २१६ विद्यार्थ्यांना एक साधा कॅल्क्युलेटर लिहायला दिला. हे विद्यार्थी प्रोग्रॅमिंगचा पहिला अभ्यासक्रम शिकलेले होते. ११० पैकी सरासरी गुण पडले २२.८९. शिकवणाऱ्यांच्या अपेक्षेच्या जवळपासही नाहीत. तेव्हा पुष्कळांनी अर्थ लावला की मुलांना प्रश्नाची फोड करता येत नाही, लॉजिक कमी पडतं.

रेमंड लिस्टर आणि त्यांच्याबरोबरच्या शिक्षकांना शंका आली की गोची त्याच्याही आधी असेल. २००४ मध्ये त्यांनी सात देशांतल्या विद्यार्थ्यांना काहीही लिहायला न लावता फक्त छोटे तुकडे वाचायला दिले. हा तुकडा चालल्यावर आउटपुट काय येईल? गाळलेल्या जागी यांपैकी कुठली ओळ बसेल? लिहिणं दूर राहिलं, बऱ्याच मुलांना समोरच्या कोडचा ड्राय रनसुद्धा, म्हणजे तो कागदावर ओळीओळीनं चालवून पाहणंसुद्धा, धड जमलं नाही. पुढची कित्येक वर्षं ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या शिक्षकांनी हाच धागा धरून ठेवला. त्यांना वारंवार दिसलं ते असं: ज्याला ड्राय रन येत नाही त्याला सहसा कोडचा हेतू समजावून सांगता येत नाही, आणि ज्याला बऱ्यापैकी लिहिता येतं त्याला बहुधा ही दोन्ही कामं आधीच आलेली असतात. ब्रिस्बेनमधल्या २०११ च्या एका अभ्यासात तर विद्यार्थ्यांपुढे अदलाबदलीच्या तीनच ओळी ठेवल्या होत्या आणि त्या काय करतात ते एका वाक्यात लिहायला सांगितलं होतं. सत्राच्या सुरुवातीलाच ज्यांना ते जमलं नाही, त्यांना पुढचा अभ्यासक्रमही जड गेला. माझ्या विद्यार्थिनीची गाठ सुटली नव्हती ती नेमकी याच तीन ओळींची. त्या तिनं जर्नलमध्ये किती वेळा लिहिल्या असतील ते तुम्हीच मोजा.

सदस्यहो, आपल्याकडे मूल आधी मुळाक्षरं गिरवतं, मग शब्द वाचतं, मग धडा, आणि निबंध फार पुढे येतो. प्रोग्रॅमिंगमध्ये आपण पहिल्या महिन्यात निबंध मागतो. तो येत नाही म्हणून मुलं पाठ करतात, आणि पाठ केलेल्याला आपण गुण देतो.

स्टाफरूममध्ये मला नेहमी एक उत्तर ऐकू येतं: "हे काहींना येतं, काहींना येतच नाही. लॉजिक जन्मजात लागतं." अनुभवी, कळकळीनं शिकवणारी माणसं हे म्हणतात, म्हणून त्याचा नीट विचार करायला हवा. २००६ मध्ये इंग्लंडमधल्या दोघा संशोधकांनी खरंच असा दावा केला होता की अभ्यासक्रम सुरू होण्याआधीच एक चाचणी घेऊन कुणाला प्रोग्रॅमिंग येईल ते ओळखता येतं. तो लेख हातोहात फिरला. २०१४ मध्ये त्यांच्यातल्याच रिचर्ड बोर्नात यांनी तो दावा जाहीरपणे मागे घेतला. ही बातमी मात्र तेवढी फिरली नाही. पुढे २०१६ मध्ये एलिझाबेथ पटित्सास आणि सहकाऱ्यांनी कॅनडातल्या एका विद्यापीठातल्या संगणकशास्त्राच्या ७७८ वर्गांचे अंतिम गुण तपासले. 'येणारे' आणि 'न येणारे' असे दोन ढीग खरंच पडत असते तर ते गुणांच्या आलेखात दिसले असते. तसे एकाहून जास्त उंचवटे जेमतेम ५.८ टक्के वर्गांत आढळले. बाकी बहुतेक ठिकाणी मधली मुलंच जास्त होती. म्हणजे बहुतेक मुलं मधली असतात, त्यांना पुढे नेता येतं. आपण 'न येणारे' म्हणून त्यांना सोडून देतो, आणि त्यात खेड्यातून आलेली, मराठी माध्यमाची, घरी कॉम्प्युटर नसलेली मुलं सर्वांत आधी सुटतात, हे मी रोज डोळ्यांनी बघते.

पुढे कसं न्यायचं, याचीही उत्तरं आहेत. न्यूझीलंडच्या डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी २००६ मध्ये एक साधी युक्ती मांडली. बरोबर प्रोग्रॅमच्या ओळी उलटसुलट करून द्यायच्या आणि मुलांनी त्या जागेवर लावायच्या. स्पेलिंग आणि अर्धविराम यांच्याशी झटापट नाही, विचार फक्त क्रमाचा. कोरा प्रोग्रॅम लिहिण्यापेक्षा यात कमी वेळात तेवढंच शिकून होतं, असं नंतरच्या प्रयोगांत दिसलं. याला महागडं काही लागत नाही. मी पट्ट्या कापून देते. सॅन डिएगोच्या विद्यापीठात शिक्षकांनी लेक्चरमध्ये प्रश्न टाकून मुलांना आधी एकट्यानं उत्तर द्यायला आणि मग शेजाऱ्याशी वाद घालायला लावलं. ही पद्धत घेतलेल्या अभ्यासक्रमांत नापासांचं प्रमाण सरासरी २० टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आलं, असं त्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलं. साठ मुलांच्या आमच्या वर्गातही हे करता येतं. फक्त वर्गात आवाज होतो, आणि बाहेरून जाणाऱ्याला वाटतं की मॅडम वर्गात नाहीत.

भाषेबद्दलही बोलायला हवं. वाद घालायचा तर तो स्वतःच्या भाषेत होतो. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या देशांतली मुलं स्क्रॅच ही ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायची भाषा वापरताना आपल्या भाषेतले ठोकळे निवडतात तेव्हा नवनव्या आज्ञा अधिक वेगानं आत्मसात करतात, असं सायमिंदू दासगुप्ता आणि बेंजामिन माको हिल यांनी २०१७ मध्ये दाखवलं. सी किंवा पायथनचे मोजके इंग्रजी शब्द तसेच राहू द्यात, त्यांचा त्रास नाही. त्रास होतो तो 'हा लूप कधी थांबेल आणि का' हे मोडक्या इंग्रजीत सांगावं लागतं तेव्हा. माझ्या मुली ओरलला 'सर, कंडिशन इज फॉल्स' एवढं म्हणून थांबतात. व्हरांड्यात मैत्रिणीला तीच गोष्ट मराठीत दहा वाक्यांत नीट समजावतात. परीक्षकाला ती दहा वाक्यं ऐकू आली पाहिजेत.

तेव्हा माझं मागणं असं आहे. पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेतले निदान एकतृतीयांश गुण न पाहिलेला छोटा प्रोग्रॅम वाचण्यासाठी ठेवा. सहा-आठ ओळींचा तुकडा द्या, मुलांनी व्हेरिएबलचा तक्ता भरावा आणि हा तुकडा काय करतो ते स्वतःच्या शब्दांत लिहावं, मराठीत किंवा इंग्रजीत. त्यासाठी जर्नलमधले पंचवीस प्रोग्रॅम दहावर आणा आणि ते हातानं उतरवण्याची सक्ती काढून टाका. चॅटजीपीटीसारखी साधनं ते पंचवीसच्या पंचवीस काही मिनिटांत लिहून देतात, त्यामुळे उतरवण्याला उरलासुरला अर्थही राहिलेला नाही. यंत्रानं लिहिलेलं बरोबर आहे की चूक, हे ठरवायला तर वाचताच यावं लागतं.

तपासायला वेळ लागेल, अशी शंका कुणी काढेल. तक्ता तपासायला एक मिनिट पुरतं. आकडे बदलले की प्रत्येकाचा प्रश्न वेगळा होतो, त्यामुळे पाठांतराची वाटही बंद होते.

हे सगळं शिक्षकांनी वर्गात आपापलं करावं, परीक्षेला हात कशाला लावायचा, असंही तुम्ही म्हणाल. मी करून पाहिलं आहे. गेल्या वर्षी दर शनिवारी एक तास ड्राय रनसाठी ठेवला. पहिले दोन शनिवार वर्ग भरला होता. तिसऱ्या शनिवारी अर्धी बाकं रिकामी होती. सबमिशन जवळ आलं होतं आणि मुलं बाहेर व्हरांड्यात भिंतीला टेकून, मांडीवर जर्नल घेऊन उतरवत बसली होती. त्यांना आत बोलवायला गेले आणि तशीच परत आले. त्या जर्नलला गुण होते, माझ्या तासाला नव्हते.

डेअरीच्या रजिस्टरवाली ती मुलगी आता शेवटच्या वर्षाला आहे. परीक्षेनंतर ती स्वतःहून लॅबमध्ये आली आणि म्हणाली, "ते चार ओळींचं परत सांगा." मी तिला दूध संकलन केंद्रावरचा फळा आठवायला सांगितलं. दराच्या चौकटीत आजचा आकडा लिहिला की कालचा पुसला जातो. मग ए बरोबर बी म्हटल्यावर ए मधले पाच कुठे गेले? तिनं कागदावर दोन चौकटी काढल्या, पाचावर काट मारली, सात लिहिले आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून थांबली. "पाच गेलेच. म्हणून टेम्प." एवढंच म्हणाली आणि पुढचा प्रश्न मागितला.

पत्रासोबत ड्राय रनचे चाळीस प्रश्न जोडते आहे, सूचना मराठीत आहेत. त्यातले बारा तिनं तयार केले आहेत, लिटर, फॅट आणि उचल घेऊन. अभ्यासक्रमाच्या पुढच्या बैठकीआधी आपापल्या कॉलेजातल्या पहिल्या वर्षाच्या एका बॅचला त्यातले कुठलेही पाच प्रश्न द्या आणि उत्तरपत्रिका बैठकीत टेबलावर ठेवा. प्रश्न हवे तसे बदला, छापा, वाटा. आमची हरकत नाही.

आपली,
पहिल्या वर्षाला प्रोग्रॅमिंग शिकवणारी एक शिक्षिका