शिळफाट्यावर डू-ऑर-डाय

जगातले सगळे महत्त्वाचे वाद दोनच ठिकाणी होतात. एक लोकलमध्ये आणि दुसरे शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये. लोकलमधला वाद आपलं स्टेशन आलं की संपतो. शिळफाट्याचा संपत नाही, कारण गाडीच हलत नाही!

तर झालं असं... परवाच्या गुरुवारी ठाण्याहून डोंबिवलीला येताना मी मित्राच्या गाडीत लिफ्ट घेतली. (फ्रीलान्सर असण्याचा एकमेव फायदा. स्वतःचं ऑफिस नसलं तरी सगळ्यांच्या कारपूलमध्ये आपली एक सीट असते.) एकूण पाच जण. नावं छापायची नाहीत अशी तंबी मिळालीय, त्यामुळे टोपणनावांवर भागवू. स्टिअरिंगवर गाडीवाला, त्याच्या बाजूला कोल्हापूरकर. मागे मधोमध मी, एका खिडकीला एक्सेलवाली आणि दुसऱ्या, म्हणजे डाव्या खिडकीला मानपाडेकर.

मुंब्रा बायपास उतरलो आणि ब्रेक लागला तो लागलाच. गाडीवाला एनबीएचा भक्त. पहाटे उठून मॅच बघतो आणि सकाळच्या मीटिंगला जांभया देतो. त्याने टाइमपास म्हणून विषय काढला, ‘जॉर्डन की लेब्रॉन?’ कोणी उत्तर देईना, तेव्हा स्वतःच म्हणाला, ‘सोपा फंडा आहे. रिंग मोजायच्या. जॉर्डनच्या सहा, लेब्रॉनच्या चार. संपला विषय.’

‘तुझा संपला असेल,’ कोल्हापूरकर म्हणाला. ‘आपल्या प्रो कबड्डीत सगळ्यात स्किलवाला कोण ते सांग.’

झालं. गाडीला हँडब्रेक लागला आणि आमचा सुटला.

एक्सेलवाली एका बँकेत डेटा बघते, आणि घरी गेल्यावरही डेटाच बघते. तिच्या मोबाइलमध्ये कबड्डीची खरंच एक शीट आहे. ‘प्रदीप नरवाल. पुढचा प्रश्न?’ म्हणाली. आकडे तोंडपाठ. २०१७ च्या एका सीझनमध्ये ३६९ चढाई गुण. त्याच सीझनला हरियाणा स्टीलर्सविरुद्ध एका मॅचमध्ये ३४ आणि त्यातल्या एकाच चढाईत आठ! कारकिर्दीचा हिशेब १८०० च्या घरात. आणि ती डुबकी... समोर दोघं साखळी करून अंगावर येतायत आणि हा त्यांच्या हातांखालून वाकून, घरच्या दारातून निघाल्यासारखा बाहेर!

‘एका मॅचचंच बोलायचं तर पवन सेहरावतचे २०१९ ला ३९ आहेत,’ गाडीवाल्याने नाक खुपसलं. कबड्डी तोही बघतो, फक्त कबूल करत नाही.

‘चंदगडचा आमचा सिद्धार्थ देसाई घ्या की!’ कोल्हापूरकर मागे वळून बोलायला लागला. २०१८ ला यू मुंबाकडून पहिल्याच सीझनला २१८ गुण, आणि पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सने मोजले १ कोटी ४५ लाख. एक्सेलवाली म्हणाली, ती ताकद झाली, स्किल नव्हे. ‘तीन जणांना अंगावर घेऊन मध्यरेषेवर हात टेकवायचा, हे स्किल नाही? तू टेकवून दाखव.’ तिने अर्थातच दाखवला नाही. गाडीत जागा नव्हती.

माझं मत विचाराल तर अनुप कुमार. २०१४ ला पहिल्या सीझनची फायनल वरळीत घरच्या मॅटवर हरला, २०१५ ला यू मुंबाला जिंकून दिलं, २०१६ ला अहमदाबादेत इराणला ३८-२९ हरवून वर्ल्ड कप उचलला. पण मला तो आठवतो तो दोन मिनिटं उरलेली असताना. आघाडी आपली. हा चढाईला जातो, निदान रेषा ओलांडतो, बोनस रेषेकडे नुसता बघतो, गालात हसतो आणि तीस सेकंद संपता संपता हात हलवत परत. बोर्डवर शून्य. समोरच्यांचा अर्धा मिनिट मात्र गेला. हे शीटमध्ये कुठे लिहिणार?

‘रिकामी चढाई म्हणून लिहिणार,’ एक्सेलवाली म्हणाली. वर गाडीवाल्याने रिंगांचा हिशेब लावला. पाटण्याकडून प्रदीपच्या तीन, २०१६ मध्ये दोन सीझन आणि २०१७. अनुपची एक. मी टोटल गप्प.

काटई नाका आला. इतका वेळ खिडकीबाहेर बघत बसलेला मानपाडेकर म्हणाला, ‘पाऊण तासात चार नावं घेतलीत. चारही चढाईवाले. पकडी काय आपोआप होतात?’

आता, हा मनुष्य आमच्यात तीन वर्षं आहे. टेक सपोर्टमध्ये आहे, डबा शेअर करतो, फारसा बोलत नाही. नोकरी लागेपर्यंत गावच्या संघात डाव्या कोपऱ्याला खेळायचा, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. मग शिफ्ट लागल्या आणि सराव सुटला. बस्स, एवढंच सांगितलं त्याने.

‘बोनस घेताना पुढचा पाय रेषेपलीकडे टेकतो, तेव्हा मागचा हवेत असावा लागतो,’ तो म्हणाला. ‘म्हणजे तेवढा क्षण गडी एका पायावर. घोटा धरायचा तो तेव्हा. जरा आधी गेलास तर तो उडी मारणार, नंतर गेलास तर तो गेला. आणि धरलास तरी बाजूचा कव्हर वेळेत आला नाही, तर तो तुला फरफटत मध्यरेषेपर्यंत नेणार. चेहरा बघायचाच नाही, पाय बघायचे. चढाईवाला दोनदा रिकामा आला तरी चालतं, तिसरी डू-ऑर-डाय. आपली पहिलीच डू-ऑर-डाय. चुकलास की बाहेर बसायचं.’

‘आणि डुबकी?’

‘डुबकी बसते तेव्हा साखळीतल्या कोणाचे तरी हात वर राहिलेले असतात. ते कोणी रिप्लेत बघत नाही.’

मग त्याने त्याचा माणूस काढला. इराणचा फजल अत्राचली, डावा कोपरा. २०१८ च्या लिलावात प्रो कबड्डीत एक कोटीचा आकडा सगळ्यात आधी गाठणारा तोच. ‘आणि रिंगा मोजायच्या असतील तर त्याच्याही तीन. यू मुंबा २०१५, पाटणा २०१६ आणि दबंग दिल्ली २०२५. दहा वर्षांच्या अंतराने!’ गाडीवाल्याने आरशात बघून मान डोलावली. ‘बरं, तो इराणचा. कल्याणचा गिरीश इरनाक? तोही डावा कोपरा. २०१८ च्या एशियाडला भारताकडून खेळला. रोज कल्याण-शीळ रोडने येता, एकाला तरी आठवला?’

नाही आठवला, बॉस. मला तर नाहीच. पुणेरी पलटणकडून खेळताना मी त्याला टीव्हीवर कितीदा पाहिलंय आणि लक्षात राहिले ते त्याच्याकडून सुटून गेलेले चढाईवाले.

एक्सेलवाली मात्र हार मानणाऱ्यातली नाही. ‘सात जण मिळून एकाला धरता. त्यात तुझं स्किल किती आणि बाकी सहा जणांचं किती? चढाईवाला एकटा जातो. त्याचं जे आहे ते त्याचंच.’ मुद्दा बरोबर आहे, आणि मानपाडेकरालाही तो लागला. तो एवढंच म्हणाला की तिघंच उरलेले असताना धरून बघ, तुम्ही सुपर टॅकल म्हणता, आमच्याकडे अव्वल पकड म्हणतात. त्याला वेगळा कॉलम लागेल, असं ती पुटपुटली. मग अचानक, ‘आणि पोरींचं नाव कोणीच घेतलं नाही. मीसुद्धा नाही.’ २०१६ ला प्रो कबड्डीबरोबर बायकांचं तीन संघांचं चॅलेंज झालं होतं, आपली अभिलाषा म्हात्रे त्यात एका संघाची कॅप्टन. पुढच्या सीझनला ते नव्हतं. जिथे मॅचच नाही तिथे शीट कसली भरणार!

मला विचाराल तर मानपाडेकर अर्धा बरोबर आहे. कोणाचे गुण किती हे कळतं. पण चांगला कोपरा असला की चढाईवाला त्या बाजूला पायच टाकत नाही, आणि न टाकलेला पाय कोणी मोजत नाही. पटलं नाही तर भांडायला या, मी शिळफाट्यावरच असेन.

रविवारी त्याच्या गावच्या स्पर्धेत संघाला एक गडी कमी पडला आणि त्याला उभं केलं. आम्ही चौघंही गेलो. हॅलोजनचे दिवे, लाल माती, माइकवरून न थांबणारी कॉमेंट्री, वडापाव. मानपाडेकराने तीन चढाईवाले सोडले आणि एक धरला. तो एक मात्र असा धरला की कोल्हापूरकराची शिट्टी माझ्या कानात अजून वाजतेय. संघ हरला. एक्सेलवाली शेजारी बसून मोबाइलवर काहीतरी टिपत होती. मी डोकावले. चारात एक, २५ टक्के. आणि त्याच्या पुढे एक नवा कॉलम, ‘डावीकडे न आलेल्या चढाया’. त्यात अकरा.

तिने तो त्याला दाखवला. घोट्यावर बर्फ धरून बसलेल्या मानपाडेकराने आकडा पाहिला, पुन्हा पाहिला आणि म्हणाला, ‘बारा असतील. शेवटची तू मोजली नाहीस.’