प्रार्थनेच्या आडून टाळाटाळ नको

मुलाचा हात मोडला, तर आपल्यापैकी कोणताही बाप त्याला नोव्हेना संपेपर्यंत घरी बसवून ठेवीत नाही. तो त्याला तडक रोह्याला किंवा पेणला नेतो, प्लास्टर घालून घेतो आणि मग आई स्वस्थ चित्ताने जपमाळ हाती घेते. त्याच मुलाचे मन मोडले की मात्र आपला क्रम उलटतो. आधी नोव्हेना, मग रिट्रीट, मग कुणी सुचविलेला एखादा गुपचूप उतारा आणि सर्वांत शेवटी तज्ज्ञ, तोही परगावचा, ओळखीचे कुणी भेटणार नाही असा. या उलट्या क्रमाला आपण श्रद्धा म्हणतो. खरे तर ते लोकांचे भय आहे आणि त्याची किंमत मूल मोजते.

हे मूल दुर्मीळ नाही. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांना मानसिक विकार असल्याचे आढळले; म्हणजे शंभरात सात. आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गातील बाके मोजून पाहावीत आणि मग 'आमच्यात असले काही नसते' हे वाक्य उच्चारण्याचे धाडस करावे.

ख्रिस्तसभेची शिकवण या बाबतीत आपल्यापेक्षा कितीतरी धीट आहे. सिराकच्या ग्रंथाचा ३८ वा अध्याय आजाऱ्याला प्रार्थना करायला सांगतो आणि त्याच दमात वैद्याला त्याचे स्थान द्यायलाही सांगतो, कारण वैद्य हीदेखील परमेश्वराचीच निर्मिती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली 'आधुनिक जगातील ख्रिस्तसभा' या दस्तऐवजात आत्मिक सेवेसाठी मानसशास्त्राच्या शोधांचा उपयोग करावा, असे बजावले. १९९२ साली जाहीर झालेला कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथ अपदूत काढण्याच्या विधीविषयी बोलताना मानसिक आजार वेगळा काढतो आणि त्याचा उपचार वैद्यकशास्त्राकडे सोपवितो. पोप फ्रान्सिस यांनी तर २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मुलाखतीत सांगितले, की वयाच्या ४२ व्या वर्षी आपण सहा महिने, दर आठवड्याला, एका ज्यू मनोविश्लेषक स्त्रीकडे जात होतो. जे पोप महोदयांना लाजिरवाणे वाटले नाही, ते आपल्याला का वाटावे?

'मुलीचे लग्न जमणार नाही', हा आपला ठेवणीतला आक्षेप. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला उपचाराचा आणि गोपनीयतेचाही हक्क दिला आहे. मुलीचे नाव गावभर करतो तो तज्ज्ञ नसतो. ते काम बहुधा आपल्याच अंगणातून चालते. दुसरा आक्षेप गोळ्यांचा. समुपदेशक आणि मानसशास्त्रज्ञ औषध देत नाहीत. ते मुलाशी बोलतात, त्याला बोलते करतात. औषधाची गरज पडली, तर तो निर्णय मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांचा.

तिसरा आक्षेप अधिक सोज्वळ: 'आमचे फादर आहेत की!' फादर अवश्य असावेत. परंतु प्रायश्चित्त संस्कार पापाची क्षमा देतो आणि उदासीनता हे पाप नव्हे. दोन-दोन आठवडे झोप नाही, अन्न जात नाही, शाळेच्या नावाने पोट दुखते, मित्र तुटले, मरणाची भाषा तोंडी येते, अशा मुलाला 'आणखी प्रार्थना कर' म्हणणे म्हणजे, तुझा विश्वास कमी पडतो, असे सांगणे होय. आधीच स्वतःला दोष देणाऱ्या जीवावर आपण आणखी एक दोष लादतो. सुज्ञ धर्मगुरू अशा मुलाचे ऐकून घेतो, त्याच्यासाठी प्रार्थना करतो आणि त्याच्या आईवडिलांना तज्ज्ञाचा पत्ता देतो.

आता अडचणींचे बोलू, कारण त्या खऱ्या आहेत. निडी हे नागोठणे आणि रोहा यांच्यामधले छोटे स्टेशन. येथून जिल्हा रुग्णालय गाठायचे तर अलिबाग. हीच रेल्वे दिव्याला जाते आणि दिव्याच्या पुढे ठाणे, तेथे डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ आहे. पण कंपनीत पाळीवर जाणाऱ्या बापाला दर आठवड्याला रजा कोण देणार? अशा घराने निदान १४४१६ हा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवावा. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली 'टेलि-मानस' ही सरकारी सेवा विनामूल्य आहे, चोवीस तास चालते आणि तिच्यावर मराठीतून बोलता येते. मात्र मूल मरणाची भाषा बोलत असेल, तर त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

तथापि सारा भार एकट्या आईबापांवर टाकून धर्मग्रामाला हात झटकता येणार नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये आदेश दिला, की १०० वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडावेत. मुलांची फी भरताना आपण हा प्रश्न शाळेला विचारतो काय? शाळा मिशनची असेल, तर तो दुप्पट आवाजात विचारायला हवा. केवळ दारावर पाटी लावून भागणार नाही. नेमलेल्या व्यक्तीचे शिक्षणही विचारावे. चिकित्सा करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे असते, हे पालकांनी ध्यानात ठेवावे.

सणाला आपण मंडप घालतो, बँड आणतो, रोषणाई करतो. त्याच वर्गणीतून महिन्यातून एक दिवस तज्ज्ञाला चर्चच्या सभागृहात बोलावता येईल, गरजू कुटुंबाचे गाडीभाडे देता येईल. विखुरलेल्या आपल्या मोजक्या घरांना एकट्याने जे झेपत नाही, ते एकत्र येऊन झेपते. धर्मग्राम म्हणतात तो यालाच. प्रभूकडे आजाऱ्यांना आणणारे लोक वाटेत कोण पाहील याची पर्वा करीत नव्हते. एका पक्षाघाती माणसासाठी तर चौघांनी घराचे छप्पर उघडले. आपल्याला छप्पर उघडायचे नाही. आपल्याच घराचे दार उघडून मुलाचा हात धरायचा आहे आणि दिवसाउजेडी, चारचौघांसमोरून, तज्ज्ञाकडे चालत जायचे आहे.