टीव्ही गेम जपा, पण जुन्या टीव्हीसकट!



तेल्हाऱ्यातील एखाद्या घरी माळ्यावर जुना 'टीव्ही गेम' धूळ खात पडलेला असेल. 1990 नंतर आपल्याकडे आलेले असे पुष्कळ संच जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या 1983 सालच्या 'फॅमिकॉम' यंत्राच्या नकला होत्या. मूळ यंत्राची कार्यस्मृती अवघी 2 किलोबाइट! असा संच भंगारात देऊ नये, असे आमचे मत आहे. मात्र तो जपायचा, तर पिक्चर ट्यूबचा जुना टीव्हीही जपायला हवा. का बरे?

संचाबरोबर मिळणारी बंदूक काही झाडत नाही. ती प्रकाश टिपते. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो. मग फक्त लक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीतील प्रकाशसंवेदकाला तो त्याच क्षणी दिसला, तरच नेम लागला! नव्या सपाट टीव्हीवर चित्र किंचित उशिरा उमटते. त्यामुळे तेथे ही बंदूक आंधळी ठरते. एक वस्तू गेली, की दुसरीही निकामी झाली.

कॅसेट चालली नाही, तर फुंकर मारू नका. फुंकरीतील ओलाव्याने तिच्या धातूच्या पट्ट्या खराब होतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या बोळ्याने त्या पुसा. कापूस तर आपल्या वऱ्हाडाचाच! टीव्हीचे झाकण मात्र कधीही उघडू नका. तो बंद केल्यावरही आत हजारो व्होल्टचा दाब उरू शकतो.

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात दोन्ही टीव्ही शेजारी मांडा आणि बंदूक कोठे चालते, हे मित्रांनाच पडताळू द्या.