स्कॅन विकू नका, भरलेला पार्ट विका



गेल्या महिन्यात एक तरुण भेटायला आला. मेकॅनिकल डिप्लोमा झालेला. नोकरी सोडून त्याने थ्रीडी स्कॅनर घेतला होता, तोही कर्जावर. म्हणाला, "सर, दिवसाला दोन-तीन पार्ट स्कॅन करतो, तरी हप्ता निघत नाही. परवा तर एका फाउंड्रीवाल्याने फाइलच परत पाठवली. म्हणे, मेश होत नाही."

मी विचारलं, "त्यांना नक्की काय हवं होतं?"

"स्कॅन."

इथेच गाडं अडलं होतं. त्या फाउंड्रीकडे एक जुना बेअरिंग ब्रॅकेट होता. ड्रॉइंग हरवलेलं, आणि ब्रॅकेट वारंवार एकाच कोपऱ्यात तडकत होता. तो का तडकतो आणि जाडी कुठे वाढवायची, हे त्यांना कळायला हवं होतं. स्कॅन ही त्या वाटेवरची फक्त पहिली पायरी. आपला मुलगा पहिल्या पायरीचे पैसे घेऊन घरी आला!

पारी आणि सारण

उकडीचा मोदक डोळ्यांसमोर आणा. स्कॅनर देतो ती फक्त पारी. पार्टच्या बाहेरच्या पृष्ठभागावर लाखो छोटे त्रिकोण जोडलेले असतात, आत काहीच नसतं. एसटीएल फाइलमध्ये त्रिकोणांपलीकडे फारसं काही लिहिलेलं नसतं. माप मिलिमीटरमध्ये आहे की इंचात, हेसुद्धा नाही. इंचाचा पार्ट मिलिमीटर समजून उघडला की तो २५.४ पट लहान होतो.

ताण कुठे येतो हे काढणाऱ्या सॉफ्टवेअरला मात्र सारण लागतं. म्हणजे पार्टची आतली जागा छोट्या-छोट्या चार पृष्ठांच्या तुकड्यांनी पूर्ण भरावी लागते. यालाच व्हॉल्यूम मेश म्हणतात. पण पारी फाटकी असेल तर सारण भरणार कसं? स्कॅनमध्ये भोकं राहतात, त्रिकोण एकमेकांत घुसतात, काहींची बाहेरची बाजू आत वळलेली असते. फाउंड्रीवाल्याचा मेश अडला तो यामुळे.

साधनांचं म्हणाल तर ती फुकट आहेत. पारी तपासायला आणि दुरुस्त करायला मेशलॅब. सारण भरायला जीमेश किंवा टेटजेन. स्वतःच्या कामासाठी वापरायला पैसे लागत नाहीत. मात्र त्यांचा कोड आपल्या सॉफ्टवेअरमध्ये घालून विकायचा असेल तर लायसन्स आधी नीट वाचा.

भोक बुजवलं म्हणजे अंदाज केला

त्या मुलाने पुढे काय केलं ते ऐका. मेशलॅबमध्ये सगळी भोकं एकदम बुजवणारी कमांड दिली. पारी बंद झाली, मेश तयार झाला, ग्राहक खूश. मग तिथल्या एका जुन्या सुपरवायझरने पार्ट हातात घेऊन स्क्रीनशेजारी धरला आणि विचारलं, "तेलाचं भोक कुठे गेलं?"

स्कॅनरला त्या भोकाच्या आतलं नीट दिसलं नव्हतं, म्हणून तिथे त्रिकोण नव्हते. सॉफ्टवेअरला ते फाटलेलं वाटलं, त्याने ठिगळ लावलं. आणि तडे बहुतेक वेळा अशा भोकाच्या कडेलाच सुरू होतात! सुपरवायझरने पाहिलं नसतं, तर त्या चुकीच्या उत्तरावर नवा पॅटर्न बनला असता.

काही प्रोग्राम फाटकी पारीसुद्धा चालवून घेतात. एफ-टेट-वाइल्ड त्यातला एक. पण त्यासाठी तो पृष्ठभाग ठरलेल्या मर्यादेत थोडा सरकवतो. न बदलता वापरला तर ही मर्यादा पार्ट ज्या चौकटीत मावतो तिच्या कर्णाच्या साधारण एक हजारांश असते. कर्ण ५०० मिमी असेल तर अर्धा मिमी. ओबडधोबड कास्टिंगच्या बाहेरच्या बाजूला तो चालून जाईल. बेअरिंग बसतं तिथे अर्धा मिमी म्हणजे फार झालं.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: बुजवलेलं प्रत्येक भोक हा तुम्ही केलेला अंदाज आहे, आणि अंदाज लपवून विकायचा नसतो.

साधा तराजू वापरा

अजून एक गोष्ट. आपला स्कॅनर प्रकाशावर चालतो, त्याला फक्त कातडी दिसते. आत कोअर टाकून पोकळ ओतलेला भाग त्याला भरीवच वाटणार. यावर उपाय स्वस्त आहे. पारी बंद झाली की मेशलॅब घनफळ सांगतं. समजा १००० घन सेंमी आलं. बिडाची घनता साधारण ७.२ ग्रॅम प्रति घन सेंमी, म्हणजे पार्ट ७.२ किलोच्या आसपास भरायला हवा. तराजूवर ६.१ किलोच भरला, तर सुमारे १५० घन सेंमी जागा कुठेतरी रिकामी आहे, किंवा माप चुकलंय. मेश करण्याआधी हे दोन मिनिटांचं काम करा.

मग पैसे कशाचे घ्यायचे?

काही जण म्हणतील, "सर, ग्राहकाला स्वस्त हवं असतं. एवढं कोण विचारतं?" खरं आहे, ज्याला नुसती शोभेची प्रतिकृती छापायची आहे तो विचारणार नाही. पण त्या कामात तुमची स्पर्धा फक्त दरावर आहे. आज स्कॅनर तुमच्याकडे आहे, उद्या शेजारच्या गाळ्यात येईल.

म्हणून कोटेशनमध्ये तीन ओळी वेगळ्या लिहा: स्कॅन, पृष्ठभागाची दुरुस्ती, व्हॉल्यूम मेश. काम घेण्याआधी तुकडा किती मिमीचा हवा ते विचारा. ५ मिमीऐवजी २.५ मिमी म्हटलं की तुकडे दुप्पट होत नाहीत, साधारण आठपट होतात. तुमचा वेळ आणि कॉम्प्युटरची मेमरी दोन्ही त्यात जातं, मग दर तोच कसा राहील?

आणि फाइलसोबत एक कागद द्या. कुठली भोकं बुजवली, पृष्ठभाग किती सरकला असेल, वजन जुळलं का, आतली जाडी मोजली की गृहीत धरली. खाली सही करा. भीती वाटते ना? वाटू द्या. त्या सहीचेच पैसे मिळतात.

तो मुलगा त्याच फाउंड्रीत परत गेला. चूक कबूल केली, तेलाचं भोक कॅलिपरने मोजून मॉडेलमध्ये घातलं, मेश नव्याने केला आणि कागद जोडला. त्या कामाचे जादा पैसे त्याने मागितले नाहीत. पुढचा पार्ट मात्र त्यांनी त्याच्याकडेच दिला, तीन ओळींच्या कोटेशनवर.

हप्ता अजून बराच बाकी आहे. पण आता आपण नक्की काय विकतो, हे त्याला माहीत आहे. तुम्हाला माहीत आहे का?